ल रोन ९सी इंजिनाची धातूतील प्रतिकृती

ल रोन ९सी हे पहिल्या महायुद्धाच्या काळातील नऊ सिलिंडरांचे, ८० अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे फ्रेंच विमान इंजिन होय. त्या काळातील विमानांच्या मोठ्या प्रतिकृती करणारे हौशी कारागीर या इंजिनाची लघुप्रतिकृती तयार संचातील भाग न वापरता पितळ, तांबे, पोलाद व ॲल्युमिनियम यांच्या कांड्या, पत्रे आणि तारा यांपासून स्वतः घडवतात. अशा कामाला इंग्रजीभाषक हौशी मंडळींत 'स्क्रॅच बिल्डिंग' असे नाव आहे. मराठीत त्यास 'मुळापासून घडण' म्हणता येईल. या लेखात मुख्यतः १:१६ प्रमाणातील, न चालणाऱ्या, केवळ प्रदर्शनासाठी केलेल्या प्रतिकृतीचा विचार केला आहे.

मूळ इंजिन

ल रोन ९सी हे रोटरी, म्हणजे घूर्णी, प्रकारचे इंजिन आहे. मोटारीच्या इंजिनात सिलिंडर स्थिर असतात व क्रँकशाफ्ट फिरतो. घूर्णी इंजिनात याच्या नेमके उलट घडते. क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का बांधलेला असतो आणि क्रँककेस, तिच्यावर किरणांप्रमाणे बसवलेले नऊ सिलिंडर व पुढे जोडलेला लाकडी पंखा हे सर्व एकत्र फिरते. फिरण्यामुळे सिलिंडरांना आपोआप वारा लागतो, वेगळे जड गतिचक्र लागत नाही आणि वजन कमी राहते. हा प्रकार विमानांत लोकप्रिय करण्याचे श्रेय फ्रान्समधील सेगँ बंधूंच्या ग्नोम इंजिनाकडे जाते. ल रोन ही त्यांची प्रतिस्पर्धी कंपनी पुढे ग्नोममध्येच विलीन झाली आणि 'ग्नोम ए रोन' हे नाव रूढ झाले.

९सी इंजिनाच्या सिलिंडराचा आतील व्यास १०५ मिमी आणि दट्ट्याची धाव १४० मिमी होती. नऊ सिलिंडरांचे एकत्रित आकारमान त्यावरून सुमारे १०.९ लिटर भरते. इंजिनाचा बाह्य व्यास सुमारे ९५ सेंमी, वजन सुमारे १२० किलो आणि वेग मिनिटाला सुमारे १,२०० फेरे होता. फ्रान्सचे न्यूपोर ११, ब्रिटनचे सॉपविथ पप आणि अमेरिकेचे थॉमस-मॉर्स एस-४सी ही ते वापरणारी प्रसिद्ध विमाने होत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील युनियन स्विच अँड सिग्नल या कंपनीने ते परवान्याने बनवले.

वंगणासाठी या इंजिनांना एरंडेल तेल लागत असे. पेट्रोलात ते सहज मिसळत नाही, त्यामुळे क्रँककेसमध्ये इंधनाची वाफ खेळत असतानाही ते धुऊन जात नाही. एकदा वापरलेले तेल पुन्हा गोळा केले जात नसे. ते झडपांवाटे बाहेर उडून विमानावर व वैमानिकावर पसरत असे. प्रतिकृतीच्या रंगरूपाशी या गोष्टीचा थेट संबंध आहे.

प्रतिकृतीसाठी ल रोन वारंवार निवडले जाण्याचे कारण त्याच्या दर्शनी भागात आहे. ग्नोम इंजिनात इंधनमिश्रण सिलिंडरात आतूनच शिरे, त्यामुळे त्याचे बाह्यरूप बरेच साधे आहे. ल रोनमध्ये क्रँककेसपासून प्रत्येक सिलिंडराच्या माथ्यापर्यंत तांब्याची एक वळलेली नळी जाते. शिवाय प्रत्येक सिलिंडराच्या दोन्ही झडपा एकाच दांड्याने चालतात: दांडा ढकलला की एक झडप उघडते, ओढला की दुसरी. राखाडी पोलाद, लालसर तांबे आणि पिवळ्या पितळी तारा एकाच वस्तूत दिसणारी इंजिने फार नाहीत.

पुरावा आणि मोजमापे

कामाचा सर्वांत कठीण भाग लेथवर नसून टेबलावर असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनाचा प्रत्येक भाग नेमका कसा होता, हे ठरवण्यासाठी उत्पादकांच्या माहितीपुस्तिका, कारखान्यातील आराखडे, समकालीन छायाचित्रे आणि संग्रहालयांत उरलेली इंजिने हे चार आधार असतात. चारही आधार उपयुक्त आहेत, परंतु एकही निर्दोष नाही.

माहितीपुस्तिका दुरुस्ती करणाऱ्या कामगारासाठी लिहिलेल्या असतात. झडपेची फट किती ठेवावी हे त्या सांगतात, सिलिंडराची बाहेरची उंची सांगतीलच असे नाही. छायाचित्रांत जवळच्या वस्तू मोठ्या व दूरच्या लहान दिसतात, म्हणून त्यांवरून माप घेताना ज्याचे माप निश्चित ठाऊक आहे असा भाग शेजारी असावा लागतो. संग्रहालयातील इंजिने तर अनेक हातांतून गेलेली असतात. काही विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मधोमध कापलेली असतात, काहींवर पूर्वीच्या काळी काळा रंग किंवा चकचकीत मुलामा चढवलेला असतो, तर काहींत दोन वेगवेगळ्या इंजिनांचे भाग एकत्र आलेले असतात.

नेहमी होणारी चूक म्हणजे ९सी आणि ११० अश्वशक्तीचे ९जे यांची गल्लत. दोन्हींना नऊ सिलिंडर व तांब्याच्या नळ्या आहेत. मात्र ९सीमध्ये नळ्या सिलिंडरांच्या पुढच्या बाजूस आहेत आणि ९जेमध्ये त्या मागच्या बाजूस आहेत. ९जेच्या सिलिंडराचा आतील व्यास ११२ मिमी व दट्ट्याची धाव १७० मिमी असल्याने त्याचे प्रमाणही वेगळे दिसते. सॉपविथ पपच्या नाकात मागे नळ्या असलेले इंजिन बसवले, की जाणकाराच्या दृष्टीने पुढची सारी कारागिरी वाया जाते.

इंजिनाची मागची बाजू विमानाच्या सांगाड्याकडे असल्याने तिची छायाचित्रे कमी मिळतात. अशा ठिकाणी कारागिराला अंदाज करावा लागतो आणि येथेच धातूच्या कामाचा एक धोका संभवतो. कागदावरील अंदाज तुटक रेषेने दाखवता येतो. तोच अंदाज पितळात उतरवला की तो खऱ्या मापाइतकाच ठाम दिसू लागतो. चांगल्या प्रतिकृतीची छायाचित्रे पुढच्या कारागिराला आधार म्हणून उपयोगी पडतात आणि एकाचा अंदाज दुसऱ्याचा पुरावा बनतो. म्हणून जबाबदार कारागीर कामाची नोंदवही ठेवतात. कोणते माप प्रत्यक्ष घेतले, कोणते छायाचित्रावरून काढले व कोणते केवळ तर्काने ठरवले, हे तीत भागवार लिहिलेले असते. अशी वही नसलेली प्रतिकृती कितीही देखणी असली, तरी अभ्यासाच्या दृष्टीने तिचे मोल कमीच राहते.

चालू स्थितीतील मूळ इंजिन पाहण्याची संधी आजही मिळते. इंग्लंडमधील ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहातील सॉपविथ पप ८० अश्वशक्तीच्या ल रोन इंजिनावर उडते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ओल्ड ऱ्हाइनबेक येथेही घूर्णी इंजिनांची विमाने जतन केलेली आहेत.

प्रमाण

१:१६ प्रमाणात सॉपविथ पपच्या पंखांचा ८.०८ मीटरचा विस्तार सुमारे ५० सेंमी होतो आणि इंजिनाचा व्यास ५९ मिमी. म्हणजे संपूर्ण इंजिन तळहातावर मावते. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचा १३ मिमी रुंद षटकोनी माथा येथे ०.८ मिमी होतो. एवढा नट चिमट्यातून निसटला, तर सापडणे अवघड असते.

प्रत्येक माप सोळाने भागले की प्रतिकृती तयार झाली, असे मात्र होत नाही. ग्नोम इंजिनाच्या सिलिंडराची भिंत केवळ १.५ मिमी जाड होती, हे प्रसिद्ध आहे. १:१६ प्रमाणात ती ०.०९ मिमी, म्हणजे लिहिण्याच्या साध्या कागदाइतकी होईल. अशी भिंत कातता येते, पण हाताळता येत नाही. म्हणून जे बाहेरून दिसत नाही तेथे धातू भरीव ठेवतात आणि जे दिसते त्याची केवळ कड पातळ करतात. याचा परिणाम वजनावर होतो. लांबी सोळापट कमी केल्यास वजन १६ × १६ × १६, म्हणजे ४,०९६ पट कमी व्हायला हवे. त्या हिशेबाने १२० किलोचे इंजिन सुमारे २९ ग्रॅमचे होते. भरीव धातूची प्रतिकृती याहून बरीच जड भरते आणि लाकडी सांगाड्याचे नाक खाली झुकवते. विमानाचा सांगाडा उभारण्यापूर्वीच हे ध्यानात घेऊन पुढचे चाकसांधे मजबूत करावे लागतात.

धातूंची निवड

ज्या धातूचे मूळ भाग, त्याच धातूची प्रतिकृती, हे तत्त्व आकर्षक असले तरी सर्वत्र पाळता येत नाही. मूळ सिलिंडर पोलादी होते. मृदू पोलाद लेथवर चांगले कातले जाते आणि त्याचा करडा रंग अस्सल असतो, परंतु बोटांच्या घामाने ते गंजते. कोकणासारख्या दमट हवेत तर एका पावसाळ्यात त्यावर तांबूस ठिपके उमटतात. गंजरोधक पोलाद टिकते, पण कातताना ते कठीण होत जाते आणि बारीक हत्यारे मोडते. ॲल्युमिनियम हलके व सोपे असले तरी त्याचा पांढुरका रंग पोलादाचा भास देत नाही. त्याला डाख देणेही कठीण आहे. पितळ कातण्यास सर्वांत सुखद, डाख सहज घेणारे आणि मापात नेमके राहणारे असल्याने बरेच कारागीर पितळी सिलिंडरांवर निकेलचा पातळ मुलामा देतात. निकेलची झाक किंचित पिवळसर असते, ती बारीक भुकटीने घासून मंद करावी लागते.

तांब्याच्या नळ्यांना मात्र पर्याय नाही. रंगवलेले तांबे कधीही तांब्यासारखे दिसत नाही. वरचा पापुद्रा काळवंडून आतला लाल रंग डोकावणे हा धातूचाच गुण आहे आणि तो रंगाच्या डबीतून मिळत नाही.

सिलिंडर

नऊ सिलिंडर हुबेहूब सारखे होणे ही या कामाची खरी कसोटी आहे. एखादा सिलिंडर किंचित चुकीच्या आकाराचा झाला तर कोणाच्या लक्षात येणार नाही, परंतु नवांमध्ये एक वेगळा असेल तर तो प्रथमदर्शनीच डोळ्यांत भरतो. यासाठी अनुभवी कारागीर एक सिलिंडर पूर्ण करून दुसरा हाती घेत नाहीत. ते सर्व नगांवर पहिली क्रिया करतात, मग सर्वांवर दुसरी. हत्यार एकदा लावले की सर्व नग होईपर्यंत हलवत नाहीत. नऊऐवजी अकरा-बारा नग घेतले जातात आणि त्यांतून नऊ निवडले जातात.

सिलिंडरावर थंडाव्यासाठी धातूचे पातळ गोल पडदे असतात. मोटारसायकलच्या इंजिनावर ते सर्वांनी पाहिलेले आहेत. कारखान्यात त्यांना 'फिन' म्हणतात. मूळ इंजिनात दोन फिनांच्या मध्यांतील अंतर ८ मिमी धरल्यास प्रतिकृतीत ते ०.५ मिमी होते. त्यात फिन ०.२ मिमी आणि मधली खाच ०.३ मिमी अशी वाटणी करावी लागते. एवढ्या अरुंद खाचेसाठी तयार हत्यार सहसा मिळत नाही. करवतीच्या जुन्या पात्याचा किंवा हायस्पीड पोलादाचा तुकडा घासून ते बनवतात. त्याची धार टोकाशी किंचित रुंद आणि मागे निमुळती असावी लागते, अन्यथा खाचेच्या भिंतींना घासून फिन वाकतात.

खाचा बाहेरच्या मोकळ्या टोकापासून चकच्या दिशेने कापत जातात. उलट दिशेने काम केले, तर चकजवळची कांडी आधीच कमकुवत होते आणि पुढचा भाग थरथरतो. हत्यार सरळ आत न्यायचे आणि सरळच बाहेर काढायचे. आत असताना ते बाजूला सरकवण्याचा मोह झाला, की नुकताच कापलेला फिन दुमडतो. दुमडलेला फिन पुन्हा सरळ करता येतो असे वाटते, पण त्यावरचा मोड उजेडात कायम दिसतो. पितळाचा चुरा खाचेत अडकू नये म्हणून दर खाचेनंतर ब्रशने साफसफाई करावी लागते. पोलादासाठी कापतेल आवश्यक असते. एका सिलिंडरावरच्या सर्व खाचा चांगल्या उतरल्या आणि शेवटची बिघडली, तर तो नग बाजूला ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. जास्तीचे नग यासाठीच घेतलेले असतात.

सिलिंडराच्या माथ्यावर झडपांची आसने, रॉकरचा आधार आणि नळीचा जोड येतो. हा भाग गोल नसल्याने तो वेगळा कापून माथ्यावर डाखाने बसवणे सोपे जाते.

क्रँककेस आणि नऊ समान भाग

क्रँककेस म्हणजे मधला ढोलासारखा भाग. त्याच्या परिघावर सिलिंडरांसाठी नऊ छिद्रे हवीत आणि दोन छिद्रांमधील कोन ४० अंश हवा. कोनमापकाने खुणा करून हे काम साधत नाही. प्रत्येक खुणेत एकाच दिशेने अर्ध्या अंशाची चूक झाली, तर नवव्या सिलिंडरापाशी ती साडेचार अंश होते. इंजिनाच्या बाहेरच्या कडेवर, म्हणजे २९.५ मिमी त्रिज्येवर, साडेचार अंश म्हणजे सुमारे २.३ मिमी. शेवटच्या दोन सिलिंडरांमधील फट तेवढी वेगळी दिसते व संपूर्ण चक्र लंगडे वाटते.

यासाठी विभाजक शीर्ष हे उपकरण वापरतात. त्याचा हातदांडा चाळीस फेरे फिरवला की काम एक पूर्ण फेरा फिरते. नऊ भागांसाठी दर वेळी ४० भागिले ९, म्हणजे चार पूर्ण फेरे आणि एका फेऱ्याचा चार-नवमांश भाग फिरवावा लागतो. २७ छिद्रांच्या चकतीवर चार-नवमांश म्हणजे १२ छिद्रे. १८ छिद्रांच्या चकतीवर ८ छिद्रे. शाळेतील अपूर्णांकांचा एवढा थेट उपयोग क्वचितच पाहायला मिळतो. येथे होणारी चूक साठत जात नाही, कारण प्रत्येक स्थान चकतीच्या छिद्रानेच ठरते. मात्र दांडा नेहमी एकाच दिशेने फिरवायचा असतो. पुढे जास्त गेल्यावर नुसते मागे आणले, तर दात्यांमधील ढिलाई मापात शिरते.

ल रोनचे सिलिंडर क्रँककेसमध्ये आट्यांनी बसवलेले असून त्यांना रोधक नटाने आवळलेले असे. प्रतिकृतीतही हीच पद्धत सोयीची ठरते. सिलिंडर घट्ट बसल्यावर त्याचा माथा भलत्याच दिशेला राहिला, तर तो थोडा मागे फिरवून झडपा योग्य दिशेला आणता येतात आणि मग नट आवळता येतो.

तांब्याच्या नळ्या

बाजारातील तांब्याची तार किंवा बारीक नळी ओढून काढलेली असल्याने ताठर असते. ती मंद लाल होईपर्यंत तापवली की मऊ होते. पोलाद तापवून पाण्यात बुडवले तर कठीण होते; तांब्याचे तसे नाही. ते पाण्यात बुडवले तरी मऊच राहते आणि वरची काजळी मात्र निघून जाते. पुण्यातील तांबट आळीतल्या कारागिरांना हा धातूचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: ठोकून ताठरलेले भांडे पुन्हा आगीत धरल्याखेरीज पुढचा घाव घेत नाही.

पोकळ नळी वाकवताना चपटी होते. ते टाळण्यासाठी ती राळेने किंवा कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने भरून वाकवतात आणि नंतर भरण वितळवून काढतात. १:१६ प्रमाणात नळीची दोन्ही टोके झाकलेली असतात, त्यामुळे भरीव तार वापरली तरी दृश्य फरक पडत नाही. पोकळ नळीचा हट्ट येथे निष्फळ आहे. नऊ नळ्यांचे वळण एकसारखे यावे म्हणून पोलादी पाटीवर खुंट्या ठोकून साचा करतात. वाकवलेले तांबे साच्यातून सुटल्यावर किंचित उलगडते, म्हणून साच्याचे वळण हव्या त्या वळणापेक्षा थोडे अधिक ठेवावे लागते.

झडपांची यंत्रणा आणि तारा

रॉकर पितळी पत्र्याचे असतात. नऊ तुकडे एकमेकांवर ठेवून डाखाने तात्पुरते चिकटवतात, एकाच वेळी छिद्र पाडतात, एकाच वेळी कानशीने आकार देतात आणि मग तापवून सुटे करतात. दांड्यांसाठी पोलादी तार आणि झडपांच्या स्प्रिंगांसाठी अत्यंत बारीक तार सुईभोवती गुंडाळून वापरतात.

बहुतेक प्रतिकृतींत नऊही रॉकर एकाच पातळीत दिसतात. हे यांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे. चार आघातांच्या चक्रात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एक चक्र पूर्ण करतो आणि नऊ सिलिंडर ८० अंशांच्या अंतराने एकामागून एक काम करतात. त्यांचा क्रम १-३-५-७-९-२-४-६-८ असा असतो. कोणत्याही क्षणी सुमारे दोन सिलिंडर इंधन घेत असतात, सुमारे दोन धूर सोडत असतात आणि उरलेल्यांच्या दोन्ही झडपा बंद असतात. म्हणजे काही रॉकर एका बाजूला, काही दुसऱ्या बाजूला कललेले आणि बाकीचे मध्यावर हवेत. हा कल प्रतिकृतीत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असतो. तरीही तो दाखवलेले इंजिन थबकलेले यंत्र वाटते, आणि न दाखवलेले निव्वळ शोभेची वस्तू.

ठिणगीसाठी मागच्या वितरक कड्यापासून प्रत्येक प्लगपर्यंत उघडी पितळी तार ताणलेली असे. प्रतिकृतीत ०.२ मिमीच्या आसपासची तार पुरते. रबरी आवरणाची जाड काळी तार दाखवणे ही मोटारीच्या इंजिनावरून आलेली चुकीची कल्पना होय.

जोडकाम

एका भागावर अनेक सांधे असल्यास अधिक तापमानाचा सांधा आधी करतात. चांदीमिश्रित झाळ ६०० अंश सेल्सिअसच्या वर वितळते, साधा कथिलाचा डाख २०० अंशांच्या आसपास. क्रम उलटला, तर दुसरा सांधा करताना पहिला सुटतो. चांदीच्या झाळेसाठी टाकणखार व मऊ डाखासाठी आम्लयुक्त लेप वापरतात. आम्लाचा अंश धुतला गेला नाही, तर काही महिन्यांनी सांध्याभोवती हिरवट बुरशीसारखा थर येतो. काही जुन्या झाळांमध्ये कॅडमियम असते व त्याचा धूर विषारी असतो. म्हणून कॅडमियमरहित झाळ घ्यावी आणि काम मोकळ्या हवेत करावे. लेथवर काम करताना हातमोजे, सैल बाह्या आणि गळ्यातील साखळी वर्ज्य आहेत.

विमानावर बसवणी

घूर्णी इंजिनाची रचना न समजल्यास या टप्प्यावर सारे बिघडते. क्रँकशाफ्टचे मागचे टोक सांगाड्यावरील आधारात घट्ट बसवायचे आणि क्रँककेस त्याभोवती मोकळी फिरू द्यायची. पंखा क्रँककेसला जोडलेला असल्याने तो बोटाने फिरवला, की नऊही सिलिंडर त्याच्यासोबत फिरले पाहिजेत. सिलिंडर स्थिर ठेवून केवळ पंखा फिरणारी प्रतिकृती दुसऱ्याच प्रकारच्या इंजिनाची होते.

रॉकरांचा कल आधीच पक्का केलेला असल्याने इंजिन फिरवल्यावर तो चुकीचा ठरतो, ही अडचण उरतेच. ती सोडवण्यासाठी काही जण क्रँककेसमध्ये खरी कॅमरचना बसवतात. बाकीचे पंख्याची एक स्थिती ठरवून इंजिन तेथे खिळवतात. अभ्यासासाठी दुसरा मार्ग पुरेसा आहे.

पपचे इंजिन ॲल्युमिनियमच्या गोल आवरणात असते व पुढून त्याचा काहीच भाग दिसतो. त्यामुळे आवरण काढता येईल असे ठेवणे किंवा ते शेजारी मांडणे हा रिवाज आहे.

रंगरूप

कारखान्यातून आलेले इंजिन स्वच्छ असे. पहिल्या उड्डाणानंतर ते तसे राहत नसे. एरंडेल तापून तपकिरी, चिवट थर बनवते. हा थर अतिशय पातळ तपकिरी रोगणाने दाखवतात आणि तो फिनांच्या तळाशी व सांध्यांत साचलेला ठेवतात. फिरत्या इंजिनावर तेल केंद्रापासून बाहेर फेकले जाते, म्हणून ओघळ सिलिंडराच्या माथ्याकडे जायला हवेत. जमिनीकडे वाहणारे ओघळ रंगवणे चूक आहे. सगळीकडे सारखाच मळ फासणे हेही नकोच; त्यामुळे महिनाभर कातलेले फिन एका संध्याकाळी बुजतात.

चालणाऱ्या प्रतिकृती

१८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या 'मॉडेल इंजिनियर' या नियतकालिकाने लघुयंत्रांची परंपरा जोपासली. एल. के. ब्लॅकमोर यांनी बेंटली बीआर२ या घूर्णी इंजिनाची एक-चतुर्थांश मापाची चालणारी प्रतिकृती घडवण्यावर लिहिलेले पुस्तक या क्षेत्रात प्रमाण मानले जाते. मूळ बीआर२चा व्यास १४० मिमी व धाव १८० मिमी, म्हणून प्रतिकृतीत ती अनुक्रमे ३५ व ४५ मिमी होतात आणि सुमारे २४.९ लिटरचे आकारमान ३९० घन सेंमीच्या आत येते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड येथे जो मार्टिन यांनी स्थापलेल्या संग्रहालयात अशा अनेक लघुइंजिनांचा संग्रह आहे.

भारतात एनसीसीच्या हवाई शाखेमुळे विमानांच्या प्रतिकृती बनवण्याचा छंद अनेक विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असतो. तेथे भर बाल्सा लाकडाच्या, उडणाऱ्या प्रतिकृतींवर असतो.

जतन

तयार प्रतिकृती हाताने न धरता सुती मोज्यांनी उचलतात. तांबे चकाकत ठेवायचे असल्यास पातळ लाखरोगण लावतात. अन्यथा ते आपोआप काळवंडू देतात व हेच मूळ इंजिनाच्या जवळ जाणारे आहे. पेटीसाठी ओक किंवा त्यासारखे आम्लयुक्त बाष्प सोडणारे लाकूड टाळतात, कारण बंद पेटीत त्या बाष्पाने शिशाचा अंश असलेल्या भागांवर पांढरी भुकटी धरते. काच व धातूची चौकट, आत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी आणि इंजिनाच्या पायथ्याशी कामाच्या नोंदवहीची प्रत, अशी मांडणी केली जाते.